टोपीवरचा विजयस्तंभ कुणी उतरवला, कुणी विकला?

गेल्या पावसाळ्यात विहारातल्या अभ्यासिकेसाठी लोखंडी रॅक बघायला आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. रॅक मिळाले नाहीत. एका ताडपत्रीवर मात्र पत्र्याच्या ताटात पितळी बिल्ले मांडून ठेवलेले दिसले. फौजेच्या टोपीवरचे बिल्ले, बटणे, खांद्यावरची अक्षरे असा सगळा माल. त्यात महार रेजिमेंटचे दोन बिल्ले होते. एकावर खंजीर आणि मशीनगन, दुसऱ्यावर खांब. खंजीरवाल्याची किंमत दीडशे रुपये आणि खांबवाल्याची तीन हजार! एवढा फरक का, असे विचारले तर विक्रेता म्हणाला, "खांबवाला लढाईतला आहे साहेब. नंतर बनला नाही. कलेक्टर लोक हाच मागतात."

क्षणभर आम्हाला जिल्हाधिकारीच वाटले. मग लक्षात आले की हे कलेक्टर म्हणजे बिल्ले-पदके जमवणारे छंदिष्ट लोक. हा खांब कसला, असेही आम्ही त्याला विचारले. "इंग्रजांचं असंल कायतरी," असे उत्तर मिळाले.

या उत्तरावर त्या गरीब विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्याने माल ओळखला होता, अर्थ ओळखणे हे त्याचे काम नव्हते. पण ज्यांचे ते काम आहे त्यांच्याशी, म्हणजे राज्यकर्त्यांशी, इतिहासकारांशी आणि मुख्यतः आपल्या स्वतःशी, हे भांडण केल्याशिवाय गत्यंतर नाही.

तो खांब म्हणजे भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. १९४१ साली दुसरे महायुद्ध पेटलेले असताना इंग्रज सरकारला माणसे हवी होती. त्याच वर्षी बाबासाहेबांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली, आणि महारांची स्वतंत्र पलटण उभारा ही जुनी मागणी त्यांनी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या रेजिमेंटच्या टोपीवर जो बिल्ला आला त्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि खाली 'महार' हा शब्द. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, तरी स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर मात्र स्तंभ निघाला आणि त्याच्या जागी खंजीर आला.

आता नीट बघा. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता, त्या माणसाच्या डोक्यावर सरकारी खर्चाने त्याच्याच पूर्वजांचे स्मारक बसवले गेले. तो जवान रजेवर गावी आला की वेशीतून आत येताना लोकांना आधी तो बिल्ला दिसत असणार. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना डोक्यावरची टोपी काढायची की नाही, हा प्रश्न त्या पिढीला पडला असेल. पितळेच्या त्या तुकड्यात एवढे सगळे होते.

पण म्हणून इंग्रजांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तो स्तंभ टोपीवर आला तो गरजेपोटी, आणि गरज संपल्यावर हेच सरकार आमच्याशी कसे वागले याचा हिशेब जुना आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली कंपनीच्या फौजेने कोरेगाव लढवले. त्याबद्दल स्टाँटनला कंपनीकडून तलवार मिळाली आणि ५०० गिनी मिळाल्या. १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कंपनीच्या मेलेल्या सैनिकांची जी ४९ नावे कोरली गेली, त्यांतली २२ नावे 'नाक' या शेवटावरून महारांची म्हणून ओळखता येतात. मेलेल्यांना दगड मिळाला. आणि जे जगले त्यांना? त्यांना पदक मिळायला १८५१ साल उजाडावे लागले. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' नावाचे चांदीचे पदक, फिकट निळ्या फितीचे, आणि फितीवर 'कोरिगॉम' असे इंग्रजांनी मोडलेले आमच्या गावाचे नाव असलेली पट्टी. लढाईनंतर ३३ वर्षांनी! अट अशी की हयात असलेल्यांनीच मागणी करायची. जो शिपाई लढाईत २० वर्षांचा होता तो तेव्हा ५३ वर्षांचा. गावकुसाबाहेर राहून, दुष्काळ आणि पटकी झेलून त्यांतले जगले किती, ज्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचली ते किती आणि ज्यांनी अर्ज केला ते किती? म्हणून तर आज ती पट्टी असलेले पदक दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. जिवंत माणसांची उपेक्षा झाली म्हणून वस्तूची किंमत वाढली. कलेक्टर मंडळींच्या छंदाचे सगळे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे.

पुढे १८९० नंतरच्या काळात हे 'लढवय्ये' आणि हे 'बिनलढवय्ये' अशी जातींची वाटणी करून महारांची भरतीच बंद केली गेली. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी पोसलेला हा सिद्धांत एम.ए.ला आम्हाला 'वसाहतवादी ज्ञाननिर्मिती' या भारदस्त नावाखाली शिकवला गेला. आमच्या आजोबांच्या भाषेत त्याचे नाव सोपे होते: भाकरी काढून घेणे. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. या अर्जांमधून आमची माणसे आपल्या सैनिकी सेवेचे दाखले देत होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही. नंतर पुन्हा १९४१. घ्यायचे आणि सोडायचे.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला गेले ते हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून. तुमच्यासाठी रक्त सांडलेल्यांना तुम्ही भरतीतून हाकलले, हा सवाल त्या स्तंभासमोर इंग्रज सरकारला होता. आणि अडीच महिन्यांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर जो समाज चालत गेला त्यात कोकणातले पेन्शनर सैनिक होते. शौर्याचा उपयोग बाबासाहेबांनी हक्काचा पुरावा म्हणून केला. छातीवर मिरवायला त्यांनी तो वापरला नाही. हा फरक पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आता खंजिराकडे वळू. स्तंभ काढण्याचे समर्थन आम्ही अनेकदा ऐकले आहे. स्वतंत्र भारताच्या जवानाने परक्या कंपनीच्या विजयाची खूण डोक्यावर का वागवावी, असे विचारले जाते. युक्तिवाद म्हणून त्यात दम आहे. पण तत्त्व असेल तर ते सगळ्यांना लागू करा. कोरेगावात जी पलटण लढली तिचा लष्करी वारसा आज ग्रेनेडियर्स रेजिमेंटकडे आहे. त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हातगोळा आहे आणि त्या हातगोळ्यावर एक घोडा आहे. हा हॅनोव्हरचा पांढरा घोडा. हॅनोव्हर म्हणजे ज्या जर्मन घराण्यातून इंग्लंडचे जॉर्ज राजे आले ते राजघराणे! तो घोडा आजही आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर इंग्रजी हलक्या पायदळाचे रणशिंग आहे. तेही आहे, आणि कुणाला खुपत नाही. आमचीही त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही, ते जवान आपलेच आहेत. आमचा प्रश्न एवढाच आहे की इंग्रज राजाच्या घराण्याचा घोडा चालतो आणि भारतीय शिपायांची नावे ज्याच्यावर कोरली आहेत तो स्तंभ चालत नाही, हे कोणते राष्ट्रप्रेम? घोडा कुणाला हरवत नाही. स्तंभ मात्र पेशवाईला हरवतो. खुपणारी गोष्ट ती आहे. कंपनी हे निमित्त आहे.

त्या स्तंभावर केवळ आमची नावे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, ज्यू आहेत. म्हणजे हा स्तंभ कुणा एका जातीचा म्हणून काढला असेल तर तेही वाचन चूक. आणि खंजिराच्या बिल्ल्याचा अवमान करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तोच बिल्ला धारण करणाऱ्या ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेत प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज त्या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या अनेक समाजांचे जवान आहेत. बाबासाहेबांनी मागितलेल्या पलटणीने जात ओलांडली, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण जात ओलांडणे वेगळे आणि स्मृती पुसणे वेगळे.

इथपर्यंत वाचून आपले वाचक टाळ्या वाजवतील. पुढचे कदाचित आवडणार नाही.

दर १ जानेवारीला कोरेगावच्या रस्त्यावर स्टॉल लागतात. पुस्तकांचे लागतात, त्याचा आम्हाला आनंद आहे, आमचाही असतो. पण अलीकडे बॅजचे स्टॉल वाढले आहेत. स्तंभाचा बॅज, मशीनगनचा बॅज, पदकासारखी फीत लावलेला बॅज, आणि सगळ्यांत जास्त खपतो तो '५००' आकड्याचा बॅज. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवले, हे वाक्य आता पोरांच्या टी-शर्टवर आहे. ज्यांना ते वाक्य पाठ आहे अशा तरुणांना आम्ही विचारून पाहिले की स्तंभावरचे एक नाव सांगा. एकच. सांगता आले नाही.

कंपनीच्या बाजूला साधारण पाचशे पायदळ होते, त्यात अनेक जातींचे शिपाई होते. शिवाय अडीच-तीनशे घोडेस्वार आणि तोफांवर मद्रासचे गोलंदाज. पेशव्यांची फौज जवळपास २८,००० खरी, पण प्रत्यक्ष गावावर चालून आल्या त्या तिच्यातल्या काही तुकड्या. हे सांगितले की आपलेच मित्र म्हणतात, "तुम्ही विरोधकांच्या हातात कोलीत देता." उलट आहे. फुगवलेला आकडा हेच विरोधकाचे कोलीत असते. तो एक आकडा खोडतो आणि सगळा इतिहास खोटा म्हणून मोकळा होतो. २२ नावे कुणाला खोडता येत नाहीत, ती दगडात आहेत. दिवसभर अन्नपाण्याविना ते गाव राखले, एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे.

१ जानेवारी २०१८ ला हिंसाचार झाला. त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर आमच्याबरोबरच्या मुलांनी शर्टावरचे बॅज काढून खिशात टाकलेले आम्ही पाहिले. त्यांना दोष नाही. जीव वाचवायचा होता. पण त्या रात्री एक गोष्ट समजली. विकत घेतलेला बॅज काढता येतो, लपवता येतो, दुसऱ्या दिवशी परत लावता येतो. ज्याच्या घरात आजोबांच्या नावाचा कागद आहे त्याला असे लपवता येत नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

या कागदावरूनच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

आमच्या कामाच्या तालुक्यात एक कुटुंब आहे. आजी, तिचा मुलगा, सून, नात. आजीचे सासरे दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होते. घरी पत्र्याची पेटी होती. पेटीत खांबाचा बिल्ला, दोन-तीन पदके, डिस्चार्जचा कागद आणि पेन्शनचे पुस्तक. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ गावात आले. माजी सैनिकांवर पुस्तक लिहितो आहे, असे सांगत होते. चहा प्यायले, आजीच्या पाया पडले. पेटीतले सगळे अडीच हजाराला घेऊन गेले. नुसता बिल्ला नेला असता तर गोष्ट वेगळी होती, पण त्यांनी कागद मुद्दाम मागून घेतले. या धंद्यातली रीत अशी की 'पूर्ण सेट' असला, म्हणजे बिल्ला, पदक आणि त्याच माणसाचा कागद, की पुढच्या गिऱ्हाइकाकडून दुप्पट-तिप्पट मिळतात.

पुढे नातीने बारावीनंतर प्रवेश घेतला आणि जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला. पणजोबांच्या डिस्चार्जच्या कागदावर नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि जात, सगळे होते. सैन्याने माणसे जातवार मोजून घेतली होती ना! त्या जातवार मोजणीचा आमच्या पोरीला एकदाच उपयोग होणार होता, तर तो कागद कुणा शौकिनाच्या फाइलमध्ये प्लॅस्टिकखाली. आम्ही कोतवाल बुकाच्या मागे लागलो. त्या वर्षांची पाने वाळवीने खाल्लेली. शाळेच्या रजिस्टरात पणजोबा नाहीत, ते शाळेत गेलेच नव्हते. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाचा प्रवेश-निर्गम उतारा सापडला, वंशावळ जोडली, प्रतिज्ञापत्र केले. प्रमाणपत्र आले, पण मुदत टळून गेली होती. मुलीचे एक वर्ष गेले. आजी आम्हाला म्हणाली, "बाळा, त्या पितळेचं म्या काय करणार व्हते? पर कागद त्यानं कशाला मागितला, ते मला तवा कळलं न्हाई."

आजीचा यात काहीच दोष नाही. अडीच हजारांत तिच्या घरात दोन महिन्यांचा किराणा आला. दोष त्या बाजाराचा आहे, ज्याला आमच्या माणसाचे नाव हवे असते ते केवळ किंमत वाढवण्यासाठी. पदकांच्या शौकिनांना एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली माहीत आहे, हे कबूल केले पाहिजे. टोपीच्या बिल्ल्यावर नाव नसते, पदकाच्या कडेवर असते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असे बारीक अक्षरांत ठोकलेले असते. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या ब्रिटिश सैनिकांना पदके बिननावाची मिळाली, भारतीयांच्या पदकांवर मात्र नावे आहेत. आमच्या पणजोबांचे नाव भिंगाखाली धरून अक्षर-अक्षर वाचणारा माणूस आज जगात कुठे असेल तर तो लिलावगृहात आहे. आमच्या घरात ते नाव कुणी वाचलेले नाही.

आणि धातूतही वर्ण आहे बरे का. पहिल्या महायुद्धाचे 'ब्रिटिश वॉर मेडल' लढणाऱ्या शिपायाला चांदीचे, आणि मजूर पलटणीतल्या किंवा छावणीत राबणाऱ्या माणसाला तेच पदक काशाचे. ओझी वाहणारा, खंदक खणणारा, मेलेली जनावरे ओढणारा तो माणूस कोण होता, हे आम्ही सांगायला नको. गंमत म्हणजे चांदीची पदके घरोघर सोनाराच्या मुशीत गेली, पोरींच्या पैंजणात गेली. काशाला सोनार विचारत नाही, म्हणून ती पेट्यांच्या तळाशी अजून सापडतात.

काही जण सुचवतात की समाजाने वर्गणी काढून अशी पदके लिलावात परत विकत घ्यावीत. आमचा याला विरोध आहे. आपण घ्यायला उभे राहिलो की भाव आणखी चढेल आणि उरल्यासुरल्या पेट्यांपर्यंत दलाल आणखी लवकर पोहोचतील. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या मुदतीत आली आहेत. तो कायदा वापरायला सरकारला भाग पाडणे हे संघटनांचे काम आहे. शौर्यदिनाच्या मंचावर भाषणे करणाऱ्या नेत्यांनी यावर एक निवेदन तरी द्यावे.

आमच्यापुरते आम्ही एक काम सुरू केले आहे. गेल्या सहा महिन्यांत चार गावांत फिरलो. घरी पदक असेल तर ते मागत नाही, हातातही घेत नाही. घरच्याच माणसाने ते उजेडात फिरवायचे आणि आम्ही कडेचा फोटो काढायचा. डिस्चार्जचा कागद, पेन्शन बुक, मनिऑर्डरची पावती, पलटणीतून आलेले पत्र, जे असेल त्याच्या दोन प्रती काढायच्या. एक घरी, एक विहारात. आजवर १७ नावे झाली. त्यांतली तीन काशाच्या पदकांची आहेत आणि एक नाव असे आहे की घरच्यांना आजोबा फौजेत होते हेच माहीत नव्हते, पदक पोरांच्या खेळण्यांत होते.

तुमच्या घरी, तुमच्या मामाच्या, आत्याच्या घरी अशी पेटी असेल तर आधी झेरॉक्स काढा. बिल्ला विकायचा की ठेवायचा ते नंतर ठरवा, पोटाची गरज असेल तर आम्ही उपदेश करणार नाही. कागद मात्र कितीही पैसे दिले तरी देऊ नका. आणि कुणी पुस्तक लिहितो म्हणून आले तर त्यांना चहा द्या, माहिती द्या, फोटो काढू द्या, आणि पेटी आपल्याच हाताने बंद करा.

जय भीम.